गुरुवारचं पित्त

हिंदमाताला साडीच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या साड्या आपल्या अंगावर लावून दाखवायच्या. पदर खांद्यावर टाकायचा, निऱ्या बोटांत धरायच्या आणि समोरच्या बाईला वाटलं पाहिजे की ही आपल्यालाच शोभणार. माझं पोट तेव्हा इतकं पुढे आलं होतं की निऱ्या नीट बसायच्याच नाहीत. बायका साडी बाजूला ठेवून मायेने विचारायच्या, "कितवा गं?" माझं लग्न झालेलं नाही. सुरुवातीला मी लाजून गप्प बसायचे, मग चिडायला लागले आणि शेवटी सरळ "सातवा" म्हणून ठोकून द्यायला लागले. त्यात एक सोय होती, लोक बसायला स्टूल देत.

पोटात मूल नव्हतं, प्लीहा वाढली होती. आई तिला पानथरी म्हणते. हे कळायला अर्धं आयुष्य गेलं. तोवर लोहाची टॉनिकं झाली, जंताच्या गोळ्या झाल्या, गावाहून आलेले अंगारे झाले. मधूनच नाकातून रक्त यायचं, हाडं ठणकायची, जरा कुठे आपटलं की अंगावर काळेनिळे डाग पडायचे. शेवटी परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी रक्ताच्या कसल्या कसल्या तपासण्या करून रोगाचं नाव सांगितलं. ते नाव कुणा परदेशी डॉक्टरचं आहे आणि आमच्या घरात अजून कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, एक विशिष्ट चरबी फोडायचं काम शरीरात एक एन्झाइम करतं, तुमच्यात ते पुरेसं तयार होत नाही, म्हणून ती चरबी प्लीहेत, यकृतात, हाडांत साठत राहते. ते एन्झाइम बाहेरून सलाइनमधून द्यायचं, दर दोन आठवड्यांनी, आणि जन्मभर. मी मान डोलावली. मला त्यातलं "जन्मभर" एवढंच कळलं.

आईला वेगळंच कळलं. तिने मॅडमना विचारलं, "ह्या औषध आधी होता?" मॅडम म्हणाल्या, तुमच्या मुलाच्या वेळी इथे मिळत नव्हतं. माझा दादा शाळेत असतानाच गेला. त्याचंही पोट असंच होतं, त्याच्याही नाकातून रक्त यायचं, आणि त्याच्या वेळी कुणीच कसलं नाव सांगितलं नव्हतं. आई खुर्चीत बसून राहिली. त्यानंतर तिने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की काहीही होऊ दे, हे औषध चुकता कामा नये. मला त्याचा राग यायचा. सुई माझ्या हाताला लागणार होती आणि हुकूम तिचे चालले होते. पण हे औषध बंद पडलं तर माझं काय होणार, ते तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मी नव्हते पाहिलं. दादा गेला तेव्हा मी फार लहान होते.

औषध कुठल्याशा मदत योजनेतून मिळणार होतं. त्यासाठी थांबण्यात बरेच महिने गेले. मिळालं तेव्हा वार ठरला गुरुवार. डे केअर म्हणून एक लांबट खोली, तिथे खाटा, खाटांमध्ये हिरवे पडदे. सिस्टर फ्रिजमधून छोट्या बाटल्या काढून ट्रेमध्ये ठेवायची आणि थंडी जाईपर्यंत त्यांना हात लावायची नाही. मग आतल्या पावडरीत पाणी सोडून बाटली तळहातावर हळू हळू फिरवायची. एकदा आई न राहवून म्हणाली, "जोरान हलव गो, विरघळात बिगीन." सिस्टर हसली. "मावशी, हे खोकल्याचं औषध नाही. हलवलं की फेस होतो, औषध वाया जातं." आईने त्या दिवसापासून त्या बाटल्यांकडे बघतानासुद्धा श्वास जपून घ्यायला सुरुवात केली.

पहिले काही गुरुवार छान गेले. मी पुस्तक वाचायचे, आई थेंब बघायची. घरी येताना आम्ही परळहून लालबागपर्यंत चालत यायचो, आणि वाटेत मी दमायचे नाही, हे आम्ही दोघी एकमेकींना न सांगता बघत असू.

मग एका गुरुवारी सलाइन संपत आलं होतं आणि माझ्या दंडावर गांध्या उठल्या. लाल, फुगलेल्या, खाजऱ्या. आईने एक नजर टाकली आणि म्हणाली, "पित्त उठला."

आता हे सांगायला हवं की आमच्या घरात पित्त उठणं हा आजार नाही. ते शिंकेसारखं आहे. लहानपणापासून माझ्या अंगावर गांध्या उठल्या की आई आमसुलं पाण्यात कुस्करायची, ते लाल पाणी अंगाला चोळायची आणि थोडं प्यायलाही द्यायची. डॉक्टरकडे पित्तासाठी जाणं म्हणजे नखं कापायला जाण्यासारखं. शिवाय त्या दिवशी कारणंही भरपूर होती. आदल्या दिवशी बुधवार, म्हणजे घरात मासळी हवीच. आई वरळी कोळीवाड्यातून ताजी कोळंबी घेऊन आली होती आणि मी ताट चाटूनपुसून खाल्लं होतं. गुरुवारी आईने माझ्यासाठी उपास धरला होता. तिने धरला म्हणजे मीही धरायचा, असा आमच्याकडचा हिशेब. तेव्हा सकाळी रिकाम्या पोटी चहा, वर शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी.

"उपाशी पोटार चाय घेतलंस, मगे काय होतला?" आई म्हणाली. चहा तिनेच दिला होता.

सिस्टर सुई काढायला आली तेव्हा तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "काही त्रास? थंडी, चक्कर, अंगावर काही?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलतेय असं मला खरोखर वाटलं नाही. तिने त्रास विचारला होता, आणि हे तर पित्त होतं. बाही खाली ओढलेली होती, एवढंच.

पुढच्या खेपेला पुन्हा उठलं, या वेळी अर्ध्या सलाइनलाच. इथून माझ्या डोक्याचा गोंधळ सुरू झाला. मी ठरवलं, आपण शोधून काढू. एका बुधवारी कोळंबी सोडली, तरी उठलं. मग खिचडी सोडून वरीचा भात खाल्ला. तेव्हा उठलं नाही, आणि मी सगळ्यांना शेंगदाणे वाईट असं सांगत सुटले. त्याच्या पुढच्या वेळी वरीचा भातच खाल्ला होता, तरी मानेवर गांध्या. आई म्हणाली, हॉस्पिटलच्या चादरीचा साबण. मी म्हटलं, मग आपण सुईवरच्या चिकटपट्टीलाच दोष का देत नाही? ती म्हणाली, ती पण असेल. दुकानातल्या मैत्रिणीने सांगितलं, नव्या साड्यांच्या खळीने होतं. कधी औषधाचा संशय आला, तर मी तो मनातल्या मनात लगेच खोडायचे. घरी एरवीही पित्त उठायचं ना? उठायचं. मग? पण ते गुरुवारीच का, सलाइन चालू असतानाच का, हा प्रश्न माझ्या डोक्यात येऊन उभा राहायचा आणि मी त्याला बसायलाही सांगायचे नाही.

आई मात्र तयारीने यायला लागली. तिच्या पिशवीत आता पाण्याच्या बाटलीबरोबर आमसुलाच्या पाण्याची एक छोटी बाटली आणि जुना सुती रुमाल असे. मला खाज सुटली की ती पडदा थोडा सरकवायची, रुमाल भिजवायची आणि चादरीखाली हात घालून माझ्या दंडावर फिरवायची. थंडगार वाटायचं. खाज कमी व्हायची, निदान तसं वाटायचं.

मी एकदा म्हणाले, "सिस्टरला सांगूया का?"

आईचा हात थांबला. "सांगलंस तर बंद करतले." ती इतक्या हळू बोलली की मला पुन्हा विचारावं लागलं. "भायर बाकड्यार एक बाई सांगी होती. तिच्या मुलीक त्रास झालो, तेंनी औषध बंद केल्यानी. यादीतसून नाव काढल्यानी. तुका माझी शप्पत, तू बोलू नको."

मला राग आला आणि भीतीही वाटली. म्हणजे आईलाही माहीत होतं? की तिलाही माझ्यासारखंच काही माहीत नव्हतं आणि ती नुसती घाबरली होती? मी विचारलं असतं तर तिने पित्त म्हटलं असतं. मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी सलाइन लागून फार वेळ झाला नव्हता. खाज तळव्यांपासून सुरू झाली, ते नवीन होतं. मग कान गरम झाले. मी आईला खूण केली, तिने रुमाल भिजवला. घशात काहीतरी होतं. दुखत नव्हतं, पण आवंढा गिळताना मध्ये कुणीतरी बसलंय असं वाटत होतं. मला वाटलं, सर्दी होणार. मग वाटलं, घाबरल्यामुळे होतंय. मग वाटलं, आपण फार विचार करतो. मी खोकले. माझा खोकला मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. आई जोरजोरात रुमाल फिरवत होती, आणि तिची बाटली कलंडली.

तेवढ्यात सिस्टर पडदा सारून आत आली. तिची नजर चादरीवर गेली. पांढऱ्या चादरीवर लालभडक डाग पसरत होता. माझ्या रक्तातल्या प्लेटलेट्स आधीच कमी, रक्त थांबायला वेळ लागायचा, हे तिला पाठ होतं. ती ओरडलीच, "ब्लीडिंग! मावशी, हात काढा, सुई निघाली का?"

"रगात नाय तां," आई म्हणाली. "सोलांचा पाणी हा."

"कसलं पाणी?"

"सोलांचा! आमसुलांचा!"

सिस्टरने तोवर चादर खेचली होती. सुई जागेवरच होती. तिने डाग बघितला, वास घेतला, तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटलं नाही. मग तिला माझा हात दिसला. दंडापासून मनगटापर्यंत गांध्याच गांध्या, त्यावर लाल पाणी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद केले. "ताई, बोला माझ्याशी. श्वास घेता येतोय?"

मी म्हटलं, "पित्त आहे." माझा आवाज घोगरा आला.

मग खूप जण एकदम आले. कुणी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, कुणी हाताला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला, कुणी ऑक्सिजनचा मास्क चढवला. मांडीत एक इंजेक्शन बसलं आणि माझं काळीज धडधडायला लागलं, तेव्हा मला वाटलं की आता झालं, आपण चाललो. प्रत्यक्षात मी त्याच इंजेक्शनाने सावरत होते. हे मला नंतर सांगितलं गेलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसत होतं की आई पडद्याला पाठ लावून उभी आहे, हातात तो लाल रुमाल आहे, आणि ती माझ्याकडे बघत नाहीये. ती थांबलेल्या थेंबांकडे बघत होती.

डॉक्टर मॅडम आल्या तोवर माझा घसा मोकळा झाला होता. हे आधी कधी झालं होतं का, त्यांनी विचारलं. मी आईकडे पाहिलं, आईने जमिनीकडे. मग मी सगळं सांगितलं, कोळंबी, खिचडी, साड्यांची खळ, साबण, सगळं. मॅडम ऐकत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"ही औषधाची रिअ‍ॅक्शन आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा गांध्या उठल्या तेव्हा कळलं असतं, तर आम्ही वेग कमी केला असता, आधी गोळी दिली असती. आज मात्र बंद."

"बंद?" आई म्हणाली.

"आजच्यापुरतं. काही तपासण्या करू, मग ठरवू."

माझे बाबा गिरणीत होते. तिच्या फाटकावरही आधी थोड्या दिवसांपुरतं बंद असंच लिहिलं होतं, असं आई सांगते. थोड्या दिवसांपुरती बंद झालेली गोष्ट पुन्हा चालू झालेली तिने जन्मात पाहिली नव्हती. मॅडमनी तिला तीनतीनदा समजावलं, आणि तिला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

मधले दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मला तर काहीच उमगेना. औषधाने जीव वाचतो की जातो? दोन्ही खरं असेल तर मी नक्की कशाला घाबरायचं? रात्री छातीवर हात ठेवून पडलं की घशात काहीतरी आहे असं वाटायचं, मग उठून पाणी प्यायचं, मग ते गेलं असं वाटायचं. मी आईवर ओरडले. म्हटलं, तुझ्या आमसुलांनी मारलं असतंस मला. भांडायला जिभेवर कायम तलवार असलेली माझी आई काहीच बोलली नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि राग तसाच राहिला.

तपासण्या झाल्या. मॅडमनी बोलावून सांगितलं की औषध चालू ठेवू, पण आधी अ‍ॅलर्जीची गोळी, मग अगदी हळू वेग, आणि सिस्टर खाटेजवळ बसणार. "काहीही वाटलं, की लगेच सांगायचं," त्या मला म्हणाल्या. मग आईकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्हीसुद्धा." आईने हो म्हटलं. पण तिच्या हो म्हणण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. वेग कमी करतील, हे तिला समजलं होतं का? की अजून एकदा अंगावर काही उठलं तर कायमचं जाईल, एवढंच तिच्या मनात बसलं होतं?

तो गुरुवार आला. आईने उपास धरला नाही. सकाळी तिने मला भाकरी आणि दूध दिलं, न विचारता. हॉस्पिटलात गोळी घेतल्यावर माझे डोळे जड झाले. गोळीने झोप येते, हे सांगितलेलं होतं. सिस्टर स्टुलावर बसली, पलीकडे आई. थेंब इतके सावकाश पडत होते की एक पडल्यावर दुसरा पडेल की नाही अशी शंका यावी. मी अर्धवट झोपेत होते. दुकान दिसत होतं, कुणीतरी निऱ्या धरायला सांगत होतं, मग पुन्हा हिरवा पडदा.

मनगटाला काहीतरी झालं. खाज होती? की पट्टीची कड टोचत होती? की काहीच नव्हतं आणि मी वाट बघत बसल्यामुळे वाटलं? मी दुसऱ्या हाताची बोटं तिथे नेली आणि मागे घेतली. झोपेत बोलावं की नाही ते ठरेना. बोलले तर बंद होईल. नाही बोलले तर मागच्यासारखं. आणि समजा काहीच नसेल, तर उगाच गोंधळ. मी आईकडे पाहिलं. तिने माझी बोटं पाहिली होती. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली, तीच, बाटली कलंडली तेव्हाची. मला वाटलं, आता ती म्हणेल काही नाही, गप रव.

"सिस्टर," आई उभी राहून म्हणाली. "आधी तां बंद करा."

सिस्टरने चाक फिरवलं. थेंब थांबले. तिने माझं मनगट उजेडात धरलं, बाही वर केली, मान पाहिली, घसा पाहिला, बोटाचा चिमटा पाहिला. कुठे काही उठलेलं नव्हतं. "मावशी, काही दिसत नाही," ती म्हणाली. "ताई, खाज येतेय का? हो की नाही?"

मी खूप प्रयत्न केला. "माहीत नाही," मी म्हणाले.

थेंब पुन्हा सोडायला सिस्टरचा हात चाकाकडे गेला. आईने तो हात धरला. ती थांबलेल्या थेंबांकडे एकदाही बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती.

"माहीत नाय म्हणता ती," आई म्हणाली. "मगे जरा थांबा. तिका कळांदे."